मोकळ्या हाताचं पान

आमच्या बाइंडिंगच्या खोलीत तिला सगळे फूटपट्टी म्हणायचे. नाव मावशीने ठेवलं. मावशी म्हणजे छापून आलेले कागद क्रमाने लावणारी बाई. तिच्या हाताला जेवढा वेग होता त्याच्या दुप्पट तोंडाला होता.

मुलगी उंच, काटकुळी. खांद्यावरच्या पिशवीतून एक लाकडी फूटपट्टी कायम डोकं वर काढून बसलेली. पहिल्या दिवशी ती आत येताना पट्टी दाराच्या चौकटीला अडकली आणि मुलगी मागे खेचली गेली. मावशी हातातलं काम न थांबवता म्हणाली, "आधी कोण आत येणार ते ठरवून घ्या ग दोघी."

मुलगी खळखळून हसली. मला बरं वाटलं. नव्या जागी पहिल्याच दिवशी स्वतःवर हसणारं माणूस कामाला टिकतं.

मी त्या छापखान्यात बाइंडर होतो. घडी घालायची, टाचायचं, कापायचं. हयात त्यात गेली. छापखाना संगीत विद्यालयाच्या मागच्या गल्लीत होता आणि आमच्या खिडकीसमोर त्यांच्या सरावाच्या खोल्या होत्या. एकच ओळ दिवसभर वाजत राहायची. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण कोण रेटून सराव करतंय आणि कोण जेवणाच्या सुट्टीची वाट बघतंय, ते भिंतीपलीकडूनही कळायचं. मावशी तर वाजवणाऱ्याला न बघता सांगायची, "हा आज उपाशी आलाय."

फूटपट्टी त्या विद्यालयात पियानो शिकायला आली होती. दुसऱ्या वर्षी बसच्या दारात तिचा डावा हात सापडला. बोटं वाचली, पण दोन बोटं वाकेनात. परीक्षा थांबली. तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांना विद्यालयात सगळे नुसतं बाई म्हणत. त्यांनी तिला सोडलं नाही. कार्यक्रमात आपल्या शेजारी पान उलटायला बसवलं.

हे काम मला तिनेच समजावलं. पियानो वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. समोरच्या कागदावरचं पान संपलं की उलटायला तिसरा हात लागतो. म्हणून शेजारी एक माणूस बसतं. वेळेवर उठायचं, पानाचा वरचा कोपरा धरायचा, उलटायचं, बसायचं. टाळ्या पडतात तेव्हा मात्र उठायचं नाही.

"आणि चुकलं तर?" मी विचारलं.

"चुकलं तर सगळ्यांना दिसतं, काका. बरोबर केलं तर कुणालाच दिसत नाही."

"मग हे आमच्यासारखंच," मावशी म्हणाली.

तिचे वडील दुसऱ्या गावात इस्त्रीचं दुकान चालवायचे. हात सापडल्यावर त्यांनी तिला सांगितलं होतं, "आणखी एक वर्ष बघ. वर्षाच्या शेवटी तुझ्या नावाचं काहीतरी मला दाखव. नाहीतर दुकानात ये. दुकान वाईट नाही." ती हे सांगताना अगदी त्यांच्यासारखा आवाज काढायची. शेवटच्या तीन शब्दांवर हनुवटी खाली घ्यायची. दुकान वाईट नव्हतंच. पण तिला तिथे जायचं नव्हतं, एवढं खरं.

त्याच वर्षी विद्यार्थी मंडळाने संगीताचा अंक काढायचं ठरवलं. चालींचा, लेखांचा, मुलाखतींचा. लिहायला सगळे तयार. अंकाची आखणी करायला कुणी नाही. ते काम फूटपट्टीने मागून घेतलं, आणि त्यासाठीच ती आमच्याकडे यायला लागली होती. विद्यालयात मोठं टेबल नव्हतं, म्हणून मंडळाची पहिली बैठक आमच्या खोलीत झाली. मंडळाचा चिटणीस चांगला मुलगा होता. फक्त भेटेल त्याला हो म्हणायचा. एका दिवसात एकमेकांच्या विरुद्ध दोन गोष्टींना हो म्हणून बसायचा आणि मग घाम पुसायचा.

तो म्हणाला, "आधी मुखपृष्ठ ठरवू."

फूटपट्टी म्हणाली, "आधी सांगा, हा अंक उघडणार कुठे?"

"कुठे म्हणजे? डोळ्यांसमोर!"

"पियानोवर. व्हायोलिनच्या स्टँडवर. यात चाली आहेत, त्या वाजवायच्या आहेत. घरी, एकट्याने. एकट्याच्या शेजारी पान उलटायला कोण बसतं?"

"आई," चिटणीस म्हणाला.

"आईला तेवढाच उद्योग राहिलाय," मावशी टेबलाच्या त्या टोकाहून म्हणाली.

सगळे हसले. पण अंक कसा व्हायचा ते तिथेच ठरलं. चिटणीसाला पाठ हवी होती, जाड, डिंकाने चिकटवलेली, कपाटात नाव दिसेल अशी. फूटपट्टीने मला दोन्ही तऱ्हेच्या कोऱ्या वह्या करायला सांगितल्या. एक चिकटवलेली, एक मधोमध पिना मारलेली. मी केल्या. तिने दोन्ही उघडून तिरक्या फळीवर ठेवल्या. चिकटवलेली वही हळूहळू उठली आणि आपली आपण मिटली. पिनांची पसरून पडून राहिली.

"कपाटात छान दिसली असती," चिटणीस म्हणाला.

"कपाटात कोण वाजवतं?" ती म्हणाली.

मग तिने खरं काम हाती घेतलं. बाईंनी स्वतः रचलेली एक मोठी रचना होती. आयुष्यभर सुट्या कागदांवर राहिलेली, कधी छापली गेली नव्हती. ती अंकात आठ पानं घेणार होती आणि वार्षिक कार्यक्रमात बाई ती अंकातूनच वाजवणार होत्या. फूटपट्टीने ठरवलं, बाईंना शेजारी माणूस लागता कामा नये.

"पुढच्या वर्षी मी नसले तर?" ती मला म्हणाली. "नवीन कुणी बसेल, घाबरेल, दोन पानं एकदम उलटेल. त्यापेक्षा रचनाच अशी बसवते की जिथे पान संपेल तिथे बाईंचा एक हात मोकळा असेल."

अंकात पान उलटावं लागतं ते उजवीकडचं संपलं की. डावीकडचं संपलं तर नजर नुसती पलीकडे सरकते. बाईंच्या रचनेत एखाद्या हाताला विसावा कुठे कुठे होता ते तिने शोधलं. मग स्वरांच्या ओळी अशा लिहिल्या की प्रत्येक उजव्या पानाच्या शेवटी तो विसावा यावा. एका पानावर स्वर जरा दाटीने बसवायचे, पुढच्यावर सैल सोडायचे, आणि वाचणाऱ्याला त्यातलं काही जाणवू द्यायचं नाही. सगळं काळ्या शाईने, हाताने. त्या कागदांचे फोटो काढून आमच्याकडे प्लेट बनायची. म्हणजे लिहिताना तिचा हात थरथरला तर छपाईतही ती ओळ थरथरलेलीच दिसणार.

ती आमच्या खिडकीशी बसायची. डावी दोन बोटं ताठ, ती पट्टीवर दाबून धरायची. "पट्टी दाबायला हीच बरी पडतात," म्हणायची. एक ओळ जरी पुढच्या पानावर सांडली तर पूर्ण पान नव्याने. खाडाखोड नाही, चिकटपट्टी नाही. मी पुष्कळ शिकलेले आणि न शिकलेले लोक काम करताना पाहिलेत. चांगलं झालेलं पान फाडताना ज्याचा चेहरा बदलत नाही, असे थोडे. तिचा बदलायचा नाही. फक्त फाडलेल्या पानाच्या पाठीवर ती मावशीची चित्रं काढायची. मावशी ती जपून ठेवायची आणि शिव्या द्यायची.

अंकाचं तिसरं पान तिचं होतं. संपादकीय. मंडळाचा नियम असा की अंक मंडळाचा, नाव फक्त ज्याच्या त्याच्या लेखनाखाली. आखणी करणाऱ्याचं नाव कुठेच येणार नव्हतं. म्हणून ते एक पान. त्यात तिने हे पान उलटायचं सगळं समजावून लिहिलं होतं आणि खाली तिचं नाव होतं. तिने ते आम्हाला वाचून दाखवलं. मावशीने दोनदा वाचायला लावलं.

"हे बापाला दाखव," मावशी म्हणाली. "नाव दिसतंय ना स्पष्ट? जरा मोठं लिही."

"एवढं पुरे, मावशी."

"त्यांना चष्मा आहे का?"

"आहे."

"तरी मोठं लिही."

सगळी पानं तयार झाली, प्लेटा करायच्या बाकी होत्या, तेव्हा एका दुपारी चिटणीस धापा टाकत आला. हातात टाइप केलेला एक कागद. प्राचार्यांचा संदेश. तो संपादकीयाच्या आधी घालायचा होता.

"मी हो म्हटलंय," तो म्हणाला. "सगळं जमवून आणलंय. शेवटून एक पान कमी करतो, झालं. तिथे पहिल्या वर्षातल्या एका मुलीची चाल आहे, ती पुढच्या अंकात घेऊ. पानं तेवढीच राहतात ना, काका?"

"पानं तेवढीच राहतात," मी म्हटलं. त्याने विचारलं तेवढ्याचं उत्तर ते होतं.

फूटपट्टी टेबलाशी वळली. तिने कोरे कागद घेतले, घड्या घातल्या आणि नव्या क्रमाने डमी केली. डमी म्हणजे कुठे काय येणार ते दाखवणारी कोरी वही. प्रत्येक पानावर तिने पेन्सिलीने खुणा केल्या, वही टेबलावर उभी टेकवली आणि टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवले. मग ती बाईंची रचना लाकडावर वाजवू लागली. उजवा हात बोटांनी, डावा नुसता तळव्याने. तोंडाने गुणगुणत. पहिलं पान संपलं तेव्हा तिचे दोन्ही हात भर धावण्यात होते. आणि समोर पान उलटायची वेळ आली होती.

ती थांबली. हात तसेच अधांतरी.

"काय झालं?" चिटणीस म्हणाला.

"एक पान पुढे घुसलं. मागचं सगळं एकेक घर सरकलं. उजवीकडची पानं डावीकडे गेली." तिने पहिल्या दुहेरी पानाच्या मधोमध बोट ठेवलं. "विसावा आता इथे आला. इथे उलटायला काही नाही. आणि जिथे उलटायचंय तिथे हात मोकळा नाही."

चिटणीसाने डमी हातात घेतली, उलटली, पालटली. मग त्याने घाम पुसला. त्याला कळलं होतं.

"संदेश शेवटी टाकता येईल?" ती म्हणाली.

"मला मंडळातून काढून टाकतील."

"दुसऱ्या पानावरची जाहिरात?"

"वाद्यांच्या दुकानवाल्याला ती जागा कबूल केलीय. मीच."

"तुझी मुलाखत?"

"दोन पानांची आहे. काढतो. आत्ता काढतो."

हे तो मनापासून म्हणाला, त्याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे. पण दोन पानं काढून उपयोग नव्हता. दोन काढली की सगळं दोन घरं सरकतं, उजवं उजवंच राहतं. पुढच्या भागातून एकच पान कमी व्हायला हवं होतं. एका पानाचं पुढे एकच लेखन उरलं होतं, तिचं संपादकीय.

"मग संपादकीय मागे टाकू," चिटणीस म्हणाला. "त्या मुलीच्या चालीच्या जागी. सुटला प्रश्न!"

खरंच सुटत होता. मी मान डोलावली. मावशीनेही. फूटपट्टी डमीची शेवटची पानं चाळत होती. पहिल्या वर्षातल्या मुलीची चाल एका पानाची होती, साधीच. त्या मुलीची पहिलीच.

"नको," ती म्हणाली. "चाल राहू दे. संपादकीय काढा."

मावशी कागद टाकून उठली. मावशी कामातून उठली हे मी फार वेळा पाहिलेलं नाही. "डोकं ठिकाणावर आहे का ग? बापाला काय दाखवणार? जाहिरात?"

"तिची चाल वाजवता येते, मावशी. माझं नुसतं वाचायचंय."

"मग ती तुझी कोण लागते?"

"कोणी नाही."

मावशी माझ्याकडे वळली. "तुम्ही बोला की काहीतरी. घड्या दाबायची ती हाडाची पट्टी घेऊन बसलात नुसते."

मी काय बोलणार? तिच्या जागी मी काय केलं असतं ते मलाच माहीत नव्हतं. मी तिला एवढंच विचारलं, "नक्की? प्लेट झाल्यावर बदल नाही."

"नक्की, काका."

अंक छापून आला. मी घड्या घातल्या, मावशीने लावला, पिना मारल्या, कडा कापल्या. माझ्या हातून निघालेल्या चांगल्या कामांत मी तो धरतो. फूटपट्टीने पहिली प्रत घेतली, टेबलावर उघडून ठेवली आणि हात मागे घेतले. प्रत उघडीच राहिली. ती म्हणाली, "छान." मग दाराबाहेर जाऊन बराच वेळ उभी राहिली. मावशी तिच्यामागे जायला निघाली, मी थांबवलं.

कार्यक्रमाला आम्ही दोघं गेलो. सभागृहात मागे उभे राहिलो. फूटपट्टी मधल्या रांगेत वडिलांच्या शेजारी बसली होती. गृहस्थ ठेंगणे, रुंद खांद्यांचे. सदऱ्याला अशी इस्त्री की बाहीची कड पेन्सिलीने ओढल्यासारखी. बाई एकट्याच मंचावर आल्या. पियानोवर आमचा अंक उघडून ठेवला आणि वाजवायला लागल्या.

पहिल्या उजव्या पानाचा शेवट आला. बाईंचा डावा हात थांबला, उठला, त्याने कोपरा धरला, पान उलटलं, हात जागेवर गेला. उजवा चालूच होता. मावशीने माझं मनगट धरलं होतं ते तेव्हा सोडलं. पुन्हा दोनदा तसंच झालं. सभागृहात कुणालाही काही दिसलं नाही. टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील आमच्या खोलीत आले. हातात अंक. ती कपड्यांची बॅग घेऊन दाराशी उभी होती. दुपारची बस होती.

"तुम्हीच बांधलात ना हा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काम चांगलं आहे. कड सरळ आहे." त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. "मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. दुकानवाल्याचं नाव आहे. प्राचार्यांचं दोनदा आहे. हिचं कुठे आहे? हिला विचारलं तर म्हणते, नाही. वर्षभर काय करत होती मग?"

"बाबा, चला," ती म्हणाली.

मी हातातलं काम खाली ठेवलं. "काल कार्यक्रमाला होतात ना?"

"होतो."

"बाईंच्या शेजारी पान उलटायला कोण बसलं होतं?"

ते आठवत राहिले. "कोणी नाही."

"गेल्या वर्षी?"

"ही."

"आणि काल ही कुठे होती?"

"माझ्या शेजारी," ते म्हणाले. आणि हातातल्या अंकाकडे बघू लागले.

मी त्यांच्या हातातून अंक घेतला, टेबलावर उघडला. "इस्त्री करताना तुमचा एक हात इस्त्रीवर, एक कापडावर. शर्ट उलटता कधी?"

"इस्त्री खाली ठेवली की."

"आणि ठेवायला जागाच नसली तर?"

"तर शर्ट जळतो."

"तुमच्या मुलीने बाईंना इस्त्री ठेवायला जागा करून दिली. तीन ठिकाणी. बरोबर तिथेच जिथे शर्ट उलटायचा होता. त्यासाठी आठ पानं कितीदा लिहिली ते या मावशीला विचारा. तिच्याकडे फाडलेल्यांचा गठ्ठा आहे."

"आणि त्यावर माझी थोबाडं," मावशी म्हणाली. तिने कपाटातून गठ्ठा काढून त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी एकेक कागद उलटून पाहिला. स्वर त्यांना वाचता येत नव्हते. ते ओळी बघत होते. मग त्यांनी अंक उघडला, बाईंच्या रचनेवर आले आणि दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. थोड्या वेळाने डावा उचलून पान उलटलं. पुन्हा ठेवला. असं शेवटपर्यंत.

"चल," ते मुलीला म्हणाले.

ती आमच्या पाया पडल्यासारखी वाकली, उगाच काहीतरी बोलली आणि बॅग घेऊन निघाली. दारात तिची लाकडी पट्टी चौकटीला अडकली. वडिलांनी ती सोडवली, पिशवीत नीट आत सारली आणि तिच्या हातातली बॅग घेतली. गल्लीच्या टोकाला बसस्थानक डावीकडे होतं आणि विद्यालयाचं वसतिगृह उजवीकडे. मावशी खिडकीत गेली.

"कुठे वळले?" मी विचारलं.

"उजवीकडे," मावशी म्हणाली, आणि फाडलेल्या पानांचा गठ्ठा तिने पुन्हा कपाटात जपून ठेवला.

पुढे फूटपट्टीने आयुष्यभर हेच काम केलं. आधी विद्यालयात, मग स्वरलिपीची पुस्तकं काढणाऱ्यांकडे. मोठी झाली, केस पिकले, तरी डमीची घडी स्वतः घालायची आणि टेबलाच्या कडेवर वाजवून बघायची. तिच्या पुस्तकांवर रचनाकाराचं नाव असायचं. तिने तक्रार केलेली मी ऐकली नाही.

तिचे वडील पुढे दर वर्षी कार्यक्रमाला आले. मुलीच्या शेजारी बसायचे, चष्मा पुसून घ्यायचे. बाईंचा हात पानाकडे निघाला की यांचा डावा हातही गुडघ्यावरून थोडा उचलला जायचा. पान बिनबोभाट उलटलं की ते मागे वळून, उभ्या असलेल्या मला आणि मावशीला शोधायचे, आणि एकदाच मान हलवायचे.

आता त्यांतली पुष्कळ माणसं नाहीत. अंकाची माझी प्रत आहे. पिना गंजल्या होत्या, मागच्या आठवड्यात काढून नव्या मारल्या. टेबलावर उघडून हात मागे घेतला. अजून उघडी राहते.